श्रीमती इरावतीबाई कर्वे

आषाढ मासीं ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आमच्या सोलापूर जिल्ह्यांत येतात व पंढरपुराची वाट चालूं लागतात, हें दृश्य आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहे. याच वाटेनें वारकऱ्यांच्या दिंडीबरोबर पायीं चालत जाऊन, त्या प्रवासाचें वर्णन 'वाटचाल' या लेखांत करणाऱ्या विदुषी म्हणजे श्रीमती इरावतीबाई कर्वे. लेखिका म्हणून त्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. परंतु विद्यार्थिदशेंत त्यांनीं केलेल्या एका संशोधनाची हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. ती आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत झाला. त्यांचे वडील श्री. गणेश हरि करमरकर हे तेथें इंजिनियर होते. त्या देशांतील महानदीवरूनच कन्येचें नांव ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं तिला पुण्यास हुजूरपागेच्या शाळेंत धाडण्यांत आलें. पुढें रँग्लर परांजपे यांच्या घरीं तिला पोटच्या मुलीप्रमाणें आश्रय मिळाला व त्या घरच्या विद्याव्यासंगाचा तिच्या मनावर कायमचा ठसा उमटला. १९२६ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या.

पुढें संशोधन करावयाचें तर दोन गोष्टी लागतात : हातीं द्रव्य आणि शिरावर गुरूचा हात. इरावतीबाईंस या दोन्ही लाभल्या. त्यांस दक्षिणा फेलोशिप मिळाली. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत असत. इंग्रजी अमदानींत त्या निधीचा ओघ हळूहळू पाठशाळा, ग्रंथांस बक्षिसें व कॉलेजांतील फेलोशिपा यांकडे वळविण्यांत आला. ज्या दानावर एके काळीं केवळ पुरुष पंडितांचा अधिकार होता, त्याच्याच आधारें एक तरुण स्त्री संशोधनास लागली, ही घटना लहान नव्हे. मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं चित्पावन ब्राह्मणांविषयीं प्रबंध लिहिला व १९२८ सालीं एम्. ए. ची पदवी मिळविली.

त्यांचे पति प्रो. दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्रज्ञ असून स्वतः जर्मनींत शिकलेले होते. पत्नीनेंही तेथें जावें, असा त्यांचा आग्रह होता. आश्चर्य हें कीं, स्त्रीशिक्षणासाठीं देह झिजविणारे श्वशुर अण्णासाहेब कर्वे यांचा मात्र या बेतास विरोध होता. शेवटीं डॉ. जीवराज मेहता यांनीं दिलेल्या कर्जाऊ रकमेवर हा प्रवास घडला.

बर्लिन येथील कैसर विल्हेल्म संस्थेंत प्रो. ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरु होते. फिशर यांचा दबदबा मोठा. पण त्यांच्या मनांत वंशश्रेष्ठत्वाची कल्पना घट्ट बसलेली होती. मेंदूचा पुढील भाग तर्कबुद्धीचें स्थान समजला जातो. गोऱ्या युरोपियनांत हा भाग उजव्या बाजूस अधिक वाढलेला असतो, त्यामुळें त्यांची कवटी दोन्ही बाजूंस सारखी नसते, आणि हेंच त्यांच्या अधिक बुद्धीचें गमक होय, असें त्यांचें अनुमान होतें. तें पडताळून पाहण्याचें काम त्यांनीं या हिंदी विद्यार्थिनीकडे सोंपविलें.

इरावतीबाईंची स्थिति येथें वाचकांनीं ध्यानांत आणावी. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, आणि पदवी देणें न देणें सर्वस्वीं गुरूच्या हातीं. गुरूस काय हवें आहे, हेंही उघड होतें. त्यांनीं १४९ कवट्या घेऊन त्यांची मापें काळजीपूर्वक घेतलीं. युरोपीय आणि युरोपाबाहेरील कवट्यांची तुलना केली. कवटीच्या दोन बाजूंत थोडा फरक असतो खरा. पण त्या फरकाचा वंशाशीं कांहीं संबंध दिसेना. जें दिसलें तेंच त्यांनीं प्रबंधांत लिहिलें. गुरूंनीं त्यांस गुण अगदीं खालच्या श्रेणीचे दिले, असें त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. तथापि पदवी नाकारतां आली नाहीं.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षीं फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या संस्थेंतील विद्वानांनीं वंशद्वेषाच्या राजनीतीस शास्त्राचा मुलामा दिला. उजव्याडाव्या बाजूंचा असा किंचित् फरक सर्वच मानवजातींत आढळतो, असें आजचें मेंदूविज्ञान सांगतें. एका विद्यार्थिनीचें मोजमाप टिकलें. नामांकित प्राध्यापकाचें अनुमान टिकलें नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर इरावतीबाईंनीं प्रथम महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचें काम पाहिलें व १९३९ पासून डेक्कन कॉलेजांत अध्यापन व संशोधन केलें. मोजमापाचीं साधनें घेऊन त्या अनेक प्रांतांत हिंडल्या. गुजरातेंत लांघणज येथील उत्खननांत सांपडलेल्या प्राचीन मानवी सांगाड्यांचाही त्यांनीं अभ्यास केला. भारतांतील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. 'युगान्त' हा १९६७ सालचा ग्रंथ साहित्य अकादमीच्या पुरस्कारास पात्र ठरला. ११ ऑगस्ट १९७० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आज आपल्या देशांतील विज्ञान अकादमी कॉलेजांतील विद्यार्थ्यांस सुटींत नामांकित शास्त्रज्ञांच्या हाताखालीं काम करण्यासाठीं विद्यावेतन देतात; मेंदूच्या अभ्यासाचाही मार्ग त्यांतून खुला होतो. आमच्या शाळेंतील कोणी पुढें त्या मार्गानें गेल्यास त्यानें एक विचार मनीं बाळगावा. धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. विद्येसाठीं मिळालेलें द्रव्य कारणीं लावणें म्हणजे दात्यास किंवा गुरूस रुचेल तें लिहिणें नव्हे. गुरूपासून मोजावें कसें हें शिकावें. मोजून जें येईल तें मात्र नम्रपणें, पण न डगमगतां सांगावें. दात्याचें आणि गुरूचें ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाहीं.