श्रीसंत नामदेव महाराज आणि भक्तीतील अभिमान

समाजबांधवहो, स्मरणिकेच्या संपादक मंडळाने श्रीनामदेवरायांचे अल्पचरित्र लिहून देण्याची आज्ञा आम्हांस केली, ती आम्ही शिरोधार्य मानली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेलेली. तेव्हा पांडित्याची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. महाराजांचे चरित्र आपल्या घरोघर ठाऊक आहे. त्यातील जो एक प्रसंग आपणांस, आणि सर्वांआधी आम्हांस, फार उपयोगी आहे, तोच येथे थोडा विस्ताराने मांडण्याचा विचार आहे.

आमच्या वाशीम जिल्ह्याच्या दक्षिणेस हिंगोली जिल्हा लागतो. रिसोडच्या बाजूने उगम पावून खाली जाणाऱ्या कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. परंपरेप्रमाणे शके ११९२, म्हणजे इ. स. १२७०, या वर्षी कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी महाराज जन्मास आले. घराणे विठ्ठलभक्तांचे. वडिलांच्या गैरहजेरीत नैवेद्याची वाटी घेऊन देवापुढे बसलेला हा बालक देव प्रत्यक्ष दूध पिईपर्यंत जागचा हलला नाही, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. पुढे राजाईशी विवाह झाला, नारा, विठा, गोंदा व महादा असे चार पुत्र झाले. परंतु महाराजांचे चित्त गज, कातर व सुईदोरा यांत रमेना. पंढरपूर हेच त्यांचे घर आणि विठ्ठल हाच त्यांचा सांगाती झाला.

येथेच अभिमानाने वाट काढली. देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे खातो, ही जाणीव महाराजांच्या मनात घर करून बसली. धनाचा गर्व दारिद्र्याने उतरतो, बळाचा गर्व आजाराने उतरतो; परंतु भक्तीचा गर्व भक्तीच्याच वस्त्रात दडून राहतो, म्हणून तो ओळखू येत नाही. ज्याला तो जडला त्याला आपण नम्रच आहोत असे वाटत राहते.

संतमंडळी एकत्र जमली असता ही गोष्ट उघड झाली. मंडळींत श्रीज्ञानेश्वर व त्यांची भावंडे होती, तेरचे गोरोबाकाका होते. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी आपले मडकी पारखण्याचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून कोण पक्का आणि कोण कच्चा याची परीक्षा चालविली. सर्वांनी तो मार शांतपणे सोसला. एकट्या नामदेवरायांस तो अपमान वाटला व ते रागावले. तेव्हा हे मडके अजून भाजावयाचे राहिले आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला. थापटण्याचा घाव साऱ्यांच्या डोक्यावर सारखाच पडला होता. आवाज मात्र एकट्याचा निराळा आला.

महाराज दुःखी होऊन विठ्ठलाकडे गेले. देव आपली बाजू घेईल अशी त्यांची खात्री होती. परंतु देवाने बाजू न घेता गुरू करण्याची आज्ञा दिली आणि औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांच्याकडे पाठविले. तेथे पाहतात तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! महाराजांनी त्यांस दोष दिला. विसोबांनी शांतपणे सांगितले की, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. महाराजांनी पाय उचलून जेथे जेथे ठेवले तेथे तेथे लिंग प्रकट झाले. जो देव आपलाच म्हणून मिरविला तो सर्वांचा व सर्वत्र आहे, हे त्या क्षणी कळले आणि अभिमानास उभे राहावयास जागा उरली नाही.

यानंतरचे चरित्र पाहिले म्हणजे हे ज्ञान खरोखर अंगी मुरले होते, याची साक्ष पटते. श्रीज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली तेव्हा महाराजांचे वय अवघे २६ वर्षांचे होते. पुढील ५४ वर्षे त्यांनी कीर्तनाने उत्तरेपर्यंत भागवतधर्म पोहोचविला. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा त्याखाली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून महाराजांनीच त्या पंढरीस आणल्या व महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्यांच्या अस्थी हाती घेताना यांना कमीपणा वाटला नाही. शके १२७२, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस महाराजांनी महाद्वाराशी समाधी घेतली. संतांच्या पायांची धूळ मस्तकी पडावी म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली. कळसाची हाव धरणारे जगात पुष्कळ. पायरी मागून घेणारा विरळाच.

आता एक गोष्ट लाज बाजूस ठेवून लिहितो. एके वर्षी पुण्यतिथी उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत आमचे नाव छापावयाचे राहून गेले. पस्तीस वर्षे मुलांना याच महाराजांचा धडा शिकविलेले आम्ही त्या दिवशी रुसून घरी बसलो. सायंकाळी पालखी दारावरून गेली. टाळांचा आवाज ऐकूनही आम्ही उंबरठा ओलांडला नाही. रात्री मनात आले की, गोरोबांचे थापटणे आज आमच्या डोक्यावर पडले आणि आवाज कच्चा आला. दुसऱ्या दिवशी काल्याच्या पंगतीत जाऊन आम्ही उष्ट्या पत्रावळी उचलल्या. कोणी काही विचारले नाही आणि आम्हीही काही सांगितले नाही. तरीही तेव्हा कोणीतरी पाहावे असे मनात आलेच, हेही येथे कबूल केले पाहिजे. अभिमान इतका चिवट असतो.

बांधवहो, नामदेवराय आपल्या ज्ञातीत जन्मले याचा आपणांस आनंद वाटणे योग्यच आहे. परंतु पालखीस पुढचा खांदा कोणाचा आणि सभामंडपाच्या शिळेवर पहिले नाव कोणाचे, यांवरून जेव्हा आपण भांडतो, तेव्हा विसोबांकडे जाण्यापूर्वीचे नामदेव आपण धरून बसतो आणि पायरीवरचे नामदेव सोडून देतो. ते फक्त आपलेच, असे म्हणणेही तोच जुना अभिमान नव्हे काय? सुई उघड्यास वस्त्र शिवून देते आणि स्वतः उघडीच राहते. आपल्या पूर्वजांच्या हातातील हे हत्यार आपण नीट पाहिले, तरी पुष्कळ झाले.

लेखात न्यून असेल ते वाचकांनी पुरते करून घ्यावे, ही नम्र विनंती.