प्रकाशाची मात्रा शोधणारा नेत्रवैद्य

सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, असे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील वाडीवस्तीवरची वडीलधारी माणसेही बजावतात. ग्रहण पाहताना डोळा भाजतो. हाच दाह आवरून धरला तर तो उपचार ठरेल, हे ओळखणारे जर्मन नेत्रतज्ज्ञ म्हणजे गेर्ट मायर-श्विकेराथ.

त्यांचा जन्म १९२० मध्ये एल्बरफेल्ड येथे झाला. हॅम्बुर्गच्या नेत्ररुग्णालयात काम करीत असताना, जुलै १९४५ चे ग्रहण पाहून डोळा भाजलेला एक वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्यासमोर आला. त्याच्या दृष्टिपटलावरील व्रण तपासताना त्यांना सुचले, की असाच लहानसा व्रण मुद्दाम उमटविल्यास दृष्टिपटलाला पडलेले छिद्र सांधता येईल. पटल सुटून येणारे अंधत्व टळेल.

१९४९ मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या गच्चीवरून आरशांच्या साहाय्याने सूर्यकिरण रुग्णाच्या डोळ्यात सोडले. उपचार साधला; पण ढग आले की काम थांबे. मग कार्बन आर्क दिवा आला आणि पुढे झाइस कंपनीचे हान्स लिटमन यांच्या सहकार्याने झेनॉन दिव्याचे यंत्र तयार झाले.

तरी खरा प्रश्न मात्रेचाच होता. ऊर्जा कमी पडली तर पटल चिकटत नाही; अधिक झाली तर रक्तस्राव होऊन, वाचवायची ती दृष्टीच जाते. शिवाय प्रत्येक डोळ्यातील रंगद्रव्य निराळे, म्हणून एकच मात्रा सर्वांना लागू पडत नाही. फिकट पांढरा ठिपका उमटला की थांबायचे, हीच खूण.

१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी लेसर सिद्ध केला. त्यानंतरच्या आर्गॉन लेसरमध्ये ठिपक्याचा आकार, शक्ती आणि काळ हे तिन्ही स्वतंत्रपणे ठरविता येऊ लागले. झोताचा काळ बहुधा सेकंदाचा दहावा भाग. शक्ती गुणिले काळ म्हणजे ऊर्जा. ठिपक्याचा व्यास निम्मा केला, तर तीच ऊर्जा चौपट एकवटते.

मायर-श्विकेराथ १९५९ पासून एसेन येथील नेत्ररुग्णालयाचे प्रमुख होते. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. नगरच्या एखाद्या नेत्ररुग्णालयात मधुमेही शेतकरी लेसरसमोर बसतो, तेव्हा डॉक्टर कमी शक्तीपासून सुरुवात करून, ठिपका पाहत पाहतच ती वाढवितात. या सावधगिरीवरच त्याची उरलेली दृष्टी अवलंबून असते. मायर-श्विकेराथ यांनी मागे ठेवलेला वारसा तो हाच.