विश्लेषण : अणुबॉम्बच्या शर्यतीत हायझेनबर्ग मागे का पडले?

युरेनियमच्या अणूचे दोन तुकडे होऊ शकतात, हे डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांच्या प्रयोगांतून समोर आले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मनीकडे युरेनियम होते, बलाढ्य रसायन उद्योग होता आणि वर्नर हायझेनबर्ग होते. तरीही बॉम्ब सोडाच, चालती अणुभट्टीसुद्धा युद्ध संपेपर्यंत उभी राहिली नाही. असे का झाले?

हायझेनबर्ग कोण होते?

जन्म ५ डिसेंबर १९०१, वुर्झबर्ग. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी क्वांटम सिद्धान्ताची नवी गणिती मांडणी केली, १९२७ मध्ये अनिश्चिततेचे तत्त्व मांडले आणि १९३२ चे नोबेल मिळवले. प्रयोगशाळेशी मात्र त्यांचे कधी जमले नाही. १९२३ मध्ये पीएचडीच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीन यांनी सूक्ष्मदर्शक आणि बॅटरीविषयी साधे प्रश्न विचारले, तेव्हा त्यांची भंबेरी उडाली. कसेबसे उत्तीर्ण झाले. देशाची अणुभट्टी उभारण्याची जबाबदारी पुढे ज्यांच्यावर आली ते हेच!

देश का सोडला नाही?

हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये ज्यू प्राध्यापकांना सरकारी विद्यापीठांतून काढण्याचा कायदा झाला. हायझेनबर्ग यांचे पहिले पीएचडी विद्यार्थी फेलिक्स ब्लॉख देशाबाहेर गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले रुडॉल्फ पायर्ल्स ब्रिटनमध्येच राहिले. हायझेनबर्ग ज्यू नव्हते. पण आइनस्टाइन यांचे भौतिकशास्त्र शिकवतात म्हणून १९३७ मध्ये एसएसच्या मुखपत्राने त्यांना गोरा ज्यू ठरवले. चौकशीचा ससेमिरा लागला आणि १९३८ मध्ये खुद्द हिमलरने अभय दिल्यावर तो थांबला. १९३९ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत गेले होते. तिथेच राहण्याचा आग्रह झाला, तरी ते परतले. सप्टेंबरमध्ये लष्कराच्या युरेनियम प्रकल्पात दाखल झाले.

घोडे अडले कुठे?

पहिली अडचण गणिताची. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ किती लागेल? बर्मिंगहॅममध्ये पायर्ल्स आणि ओटो फ्रिश या दोन निर्वासितांनी १९४० मध्ये उत्तर काढले : काही किलो. आकडा आज कमी वाटतो, पण बॉम्ब आवाक्यात आहे हे ब्रिटिशांना त्यामुळे पटले. जर्मनीत हा प्रश्न तितक्या नेटाने कुणी सोडवलाच नाही. शिष्य शत्रूच्या बाजूला गेल्याची ही किंमत होती.

दुसरी अडचण न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या पदार्थाची. वाल्टर बोथे यांनी १९४१ मध्ये ग्राफाइट तपासले. नमुना पुरेसा शुद्ध नसल्याने ते निरुपयोगी ठरले. सगळे खापर बोथे यांच्यावर फोडणे बरोबर नाही, कारण शुद्ध ग्राफाइट महाग होते आणि व्यापलेल्या नॉर्वेत जड पाण्याचा कारखाना आयताच हाती आला होता. मात्र त्या कारखान्यात फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेच्या कमांडोंनी घातपात केला, नोव्हेंबरमध्ये अमेरिकी बॉम्ब पडले आणि १९४४ मध्ये उरलेले जड पाणी नेणारी बोटही बुडवली गेली. तोवर, २ डिसेंबर १९४२ रोजी, एन्रिको फर्मी यांनी शिकागोत ग्राफाइटचीच अणुभट्टी चालवून दाखवली होती.

पैशांचे काय?

खरा निकाल १९४२ मध्येच लागला होता. युद्ध संपण्याआधी बॉम्ब होणार नाही, असे मानून लष्कराने अंग काढून घेतले. जूनमध्ये शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट स्पीअर यांनी किती निधी हवा, असे विचारले, तेव्हा शास्त्रज्ञांनी मागितलेली रक्कम इतकी किरकोळ होती की स्पीअर यांनी प्रकल्पावरची आशाच सोडली. अमेरिकेने याच कामावर सुमारे २ अब्ज डॉलर ओतले.

जे होते तेही विभागलेले. १९४५ च्या सुरुवातीला हायगरलोख गावातल्या तळघरात हायझेनबर्ग यांच्या गटाने युरेनियमचे ६६४ ठोकळे साखळ्यांनी जड पाण्यात सोडले. साखळी प्रक्रिया सुरू झाली नाही. आणखी सुमारे ४०० ठोकळे कुर्ट डीबनर यांच्या प्रतिस्पर्धी गटाकडे पडून होते!

बॉम्ब मुद्दाम टाळला?

युद्धानंतर ही कहाणी बरीच पसरली. पण पकडलेले दहा जर्मन शास्त्रज्ञ इंग्लंडमधील फार्म हॉल येथे ठेवले होते आणि तिथे छुपे मायक्रोफोन होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाची बातमी आली, तेव्हा हायझेनबर्ग यांचा आधी विश्वासच बसला नाही. त्या रात्री त्यांनी लागणाऱ्या युरेनियमचा अंदाज टनात सांगितला. आठवडाभराने सुधारित गणित मांडले. बॉम्ब दडवून ठेवणाऱ्याला आकडा आधीच ठाऊक असायला हवा होता.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीला अण्वस्त्रे नकोत, या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. १ फेब्रुवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. सप्टेंबर १९४१ मध्ये कोपनहेगनला जाऊन आपण नील्स बोर यांच्याकडे नैतिक पेच मांडला, असे ते सांगत आले. बोर यांनी लिहिलेले, पण कधीच न पाठवलेले पत्रांचे मसुदे २००२ मध्ये खुले झाले. त्यांत वेगळीच आठवण आहे : हायझेनबर्ग यांना जर्मनीच्या विजयाची खात्री होती आणि आपल्या नेतृत्वाखाली जर्मनी अण्वस्त्रांवर काम करत आहे, असेच त्यांच्या बोलण्यातून बोर यांना जाणवले होते.