ज्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळेना, तिच्यातूनच त्याने लोटस कंपनी उभी केली

जुनी सेडान घ्यायची. टप कापायचा, मडगार्ड काढायचे, नको तो पत्रा फेकून द्यायचा आणि इंजिनात खटपट करून गाडी पळवायची. अमेरिकेत अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. ब्रिटनमध्येही हे वेड होतं, फक्त तिकडे घरी बनवलेल्या अशा गाडीला स्पेशल म्हणायचे.

अशाच एका स्पेशलमधून पुढे फॉर्म्युला वन गाजवणारी लोटस कंपनी उभी राहिली. ती गाडी बनवणाऱ्याचं नाव कॉलिन चॅपमन.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा. वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. पोरगं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकत होतं आणि जोडीला मित्राबरोबर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत होतं. दुसरं महायुद्ध संपलं होतं, नव्या गाड्या मिळत नव्हत्या. त्यामुळे जुन्या गाड्यांचा धंदा जोरात होता.

पण १९४७ च्या शेवटी सरकारने खाजगी गाड्यांचं पेट्रोलचं रेशन बंद केलं. पेट्रोलच नाही म्हटल्यावर गाडी घेणार कोण? धंदा बसला, कमावलेले पैसे गेले. हातात उरली एक जुनी ऑस्टिन सेव्हन सलून.

गॅरेज मैत्रिणीच्या घराचं

ऑस्टिन सेव्हन ही १९२२ पासून निघालेली छोटी, स्वस्त गाडी. इंजिन अवघं ७४७ सीसीचं. पण खोलायला सोपी आणि सुटे भाग सगळीकडे मिळणारे. त्यामुळे घरी गाडी बनवणाऱ्यांची ती लाडकी होती.

चॅपमनची मैत्रीण हेझल विल्यम्स मसवेल हिल भागात राहायची. तिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये १९ वर्षांच्या या पठ्ठ्याने ऑस्टिन खोलली. जुनी बॉडी उतरवली, खालचा सांगाडा ठेवला आणि त्यावर नवी बॉडी चढवली.

खरी करामत या बॉडीत होती. तो विद्यापीठाच्या एअर स्क्वाड्रनमध्ये विमान चालवायला शिकला होता. विमानाचं बाहेरचं आवरण नुसतं झाकण नसतं, तेही भार पेलतं. त्याने हेच गाडीला लावलं. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेलं प्लायवूड वापरून त्याने बॉडी अशी बनवली की तिच्यामुळे सांगाडाही घट्ट झाला. वजन कमी आणि मजबुती जास्त.

१९४८ मध्ये गाडी तयार झाली. चिखलाच्या चढांवर होणाऱ्या ट्रायल स्पर्धांत त्याने ती उतरवली, हेझल शेजारच्या सीटवर. बक्षिसंही मिळाली. गाडीचं नाव ठेवलं लोटस, म्हणजे कमळ. हेच नाव का, हे त्याने कधीच जाहीर केलं नाही.

२५ पौंडांची कंपनी

१९५२ मध्ये त्याने हेझलकडून २५ पौंड उसने घेतले आणि वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. १९५४ मध्ये दोघांनी लग्न केलं.

चॅपमनने घरी गाडी बनवायची हौस असलेल्यांनाच गिऱ्हाईक केलं. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागायचा नाही. मग लोटस भाग पाठवायची आणि गिऱ्हाईक ते घरी जोडायचं. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन अशीच घरोघरी जोडली गेली. पुढे तिचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि तिची गाडी आजही बनते.

शर्यतींतही सूत्र तेच होतं: वजन कमी करा आणि एका भागाकडून दोन कामं करून घ्या. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडाच काढला आणि टबसारखी बॉडी हीच गाडीचा कणा केली. या गाडीवर जिम क्लार्क १९६३ मध्ये जगज्जेता झाला. पुढे लोटस ७८ आणि ७९ मध्ये गाडीच्या पोटाला उलट्या पंखाचा आकार दिला. त्यामुळे वेग वाढला की गाडी रस्त्याला चिकटायची. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेती त्यावर जगज्जेता झाला. चॅपमनच्या हयातीत टीमने ७ कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं मिळवली.

हलकेपणाची किंमत

पण प्रत्येक ग्रॅम वाचवायचा म्हटलं की चुकीला जागा उरत नाही. १९६९ मध्ये स्पेनच्या शर्यतीत गाडीचा पंख मोडून योहेन रिंट जखमी झाला. त्यानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहिलं. गाड्या वेगवान आहेतच, थोडं वजन वाढवून कमकुवत भाग मजबूत करा, असं त्याचं म्हणणं होतं.

सप्टेंबर १९७० मध्ये मोन्झाला सरावात रिंटच्या लोटसच्या पुढच्या ब्रेकचा पोकळ शाफ्ट निकामी झाला. गाडी नीट न बसवलेल्या कठड्यावर आदळली आणि रिंट गेला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. चॅपमनच्या गाड्या जिंकवतात, पण मोडतातही, हा शिक्का पुसला गेला नाही.

शेवटही वादातच झाला. ब्रिटिश सरकारचा पैसा लागलेल्या डेलोरियन गाडीचं काम लोटसकडे होतं. त्यातले सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर पनामातल्या एका कंपनीमार्फत गायब झाले. चौकशी पुढे सरकण्याआधीच, १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेला. वय ५४. त्याच्यावर खटला चाललाच नाही. पण १९९२ मध्ये लोटसचा आर्थिक कारभार पाहणाऱ्या फ्रेड बुशेलला तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असता तर त्याला किमान १० वर्षांची शिक्षा झाली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हा नमूद केलं.

आणि ती पहिली ऑस्टिन? चॅपमनने ती १९५० मध्ये विकली. २०१८ मध्ये, कंपनीच्या सत्तरीनिमित्त, लोटसने जगभरातल्या चाहत्यांना आवाहन केलं: गॅरेज, गोठे, कोठारं तपासा, आमची पहिली गाडी शोधून द्या.