धोतऱ्याचे रोप आणि गुरुदक्षिणा

शिक्षकाचे कर्तृत्व कशावरून मोजावे? निकालाची टक्केवारी, नावावरचे ग्रंथ, मिळालेले मानसन्मान ही आपली नेहमीची मापे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. पंचानन महेश्वरी या मापांनाही उणे पडले नसते. परंतु त्यांचे खरे मोठेपण त्यांच्या नावावर नसलेल्या एका शोधात दिसते.

जयपूर येथे ९ नोव्हेंबर १९०४ रोजी जन्मलेल्या महेश्वरींना अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन महाविद्यालयात विनफील्ड डजन हे अमेरिकन प्राध्यापक गुरू म्हणून लाभले. गुरुऋण कसे फेडावे, असे शिष्याने विचारता, आपल्याला जे मिळाले ते त्याने पुढे आपल्या विद्यार्थ्यांना द्यावे, एवढीच दक्षिणा गुरूंनी मागितली, असे सांगतात.

आग्रा व डाक्का येथे अध्यापन करून १९४९ साली महेश्वरी दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांची कीर्ती सर्वदूर पोहोचली. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली मृत छेद न्याहाळण्यात ते समाधान मानणारे नव्हते. फुलाचे जिवंत अवयव काचनळीत पोषक द्रव्यावर वाढवून पाहण्याकडे त्यांनी विभागाला वळविले. अफूच्या बीजांडांचे काचनळीत फलन घडवून आणण्याचा प्रयोग तेथलाच.

याच विभागात शिप्रा गुहा व महेश्वरींचे चिरंजीव सतीशचंद्र हे धोतऱ्याच्या एका जातीचे परागकोश काचनळीत वाढवीत होते. काही आठवड्यांनी त्या परागकोशांतून चक्क भ्रूण बाहेर पडताना दिसले. १९६४ साली हा वृत्तांत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर नावे होती ती या दोघांचीच. विभागप्रमुखांचे नाव त्यात नव्हते. हाताखालच्यांच्या श्रमांवर आपली मुद्रा उमटविण्याचा मोह ज्या व्यवसायात अनेकांना आवरत नाही, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

शोधाचे महत्त्व काय? धोतऱ्याच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात, परागकणात त्याच्या निम्मी म्हणजे १२. परागकणापासून थेट वाढलेले रोपही म्हणून एकगुणित असते. कोल्चिसीन या रसायनाने त्याची गुणसूत्रे दुप्पट केली की शुद्ध वाण एका पिढीत हाती येतो. एरवी त्यासाठी सहा-सात पिढ्या स्वपरागण करीत बसावे लागते. पुढे तंबाखू आणि भात या पिकांतही ही पद्धत साधली आणि पैदासकारांचा वर्षानुवर्षांचा वेळ वाचू लागला.

१९६५ मध्ये महेश्वरी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. १८ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ते भ्रूण परागकणांतूनच उपजतात, हे दाखविणारा गुहा व सतीशचंद्र यांचा दुसरा निबंध त्याच वर्षी, परंतु त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आज प्रयोगशाळांच्या इमारती, यंत्रसामग्री आणि अनुदाने यांची चर्चा आपण पुष्कळ करतो, आणि ती करावयासही हवी. परंतु विद्यार्थ्याला दिशा द्यावी, साधने द्यावीत आणि श्रेयाच्या वेळी आपण बाजूस व्हावे, ही रीत कोणत्याही अनुदानातून विकत मिळत नाही. अलाहाबादेत मागितलेली दक्षिणा दिल्लीत अशी फेडली गेली. ती पुढे चालविणे शिक्षक म्हणविणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे.