हवेतला ‘आळशी’ वायू शोधणारा माणूस : सर विल्यम रॅम्सी यांची गोष्ट

सोलापुरात स्टीलचं रेलिंग किंवा गेट करून घेतलं असेल, तर ‘आर्गन वेल्डिंग’ हा शब्द तुमच्या कानावर नक्की पडला असेल. सिलिंडरमधून येणारा हा वायू तापलेल्या धातूला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवतो, म्हणून जोड स्वच्छ येतो. पण हा आर्गन येतो कुठून? आपण श्वास घेतो त्याच हवेतून!

दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात साधारण २८,३०० लिटर हवा मावते. त्यातला अडीचशे लिटरहून जास्त भाग आर्गनचा असतो. ज्याची रोज चर्चा होते तो कार्बन डायऑक्साइड त्याच खोलीत जेमतेम बारा लिटर असतो. तरीही १८९४ पर्यंत आर्गन हे नाव जगात कोणालाच माहीत नव्हतं. ते ज्यांच्यामुळे कळलं, त्यातले एक म्हणजे सर विल्यम रॅम्सी.

ग्लासगो ते लंडन

रॅम्सी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५२ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झाला. वडील इंजिनिअर, तर काका नावाजलेले भूगर्भशास्त्रज्ञ. रॅम्सी जर्मनीत ट्युबिंगेनला गेले आणि १८७२ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टरेट घेऊन परतले. पुढे ब्रिस्टलला प्राध्यापक झाले आणि १८८७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले.

त्यांच्या हातात एक कसब होतं. प्रयोगाला लागणाऱ्या काचेच्या नळ्या आणि फुगे ते स्वतः फुंकून तयार करत. वायूंवर काम करायचं तर उपकरणातून जराही गळती चालत नाही, त्यामुळे हे कसब त्यांना जन्मभर उपयोगी पडलं.

अर्ध्या टक्क्याची चूक

त्याच काळात लॉर्ड रॅली हे भौतिकशास्त्रज्ञ नायट्रोजनचं वजन करत होते आणि एका कोड्यात अडकले होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरायचा. अमोनियासारख्या रसायनांपासून बनवलेला नायट्रोजन मात्र १.२५१ ग्रॅमच भरायचा. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कोणी तराजूला दोष देऊन विषय संपवला असता. रॅलींनी तो जाहीर करून सगळ्यांपुढे ठेवला.

रॅम्सींना वाटलं, हवेतल्या नायट्रोजनमध्ये आणखी काहीतरी जड लपलेलं असावं. तापलेलं मॅग्नेशियम नायट्रोजनला धरून ठेवतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. वायू कमी कमी होत गेला, पण उरलेला वायू जड होत गेला. सुरुवातीला तो हायड्रोजनच्या १४ पट जड होता, शेवटी जवळजवळ २० पट. वर्णपटात अशा रेषा दिसल्या, ज्या कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याच्या नव्हत्या.

ऑगस्ट १८९४ मध्ये दोघांनी मिळून हा शोध जाहीर केला. हा वायू कशाशीच संयोग पावेना, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘आर्गन’ नाव मिळालं.

गंमत म्हणजे १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनाही असाच एक छोटासा बुडबुडा शिल्लक राहिलेला दिसला होता. त्यांनी त्याची नोंद केली, पण तो काय आहे हे कळायला शंभरहून जास्त वर्षं जावी लागली.

विजापूरच्या आकाशातली सोनेरी रेषा

यानंतरची कडी आपल्या भागाशी जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्ग, विजापूर, गुंटूर अशी गेली. गोल घुमट पाहायला सोलापूरकर एका दिवसात जाऊन येतात, त्या विजापुरात कॅप्टन हेग यांनी सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक लालसर आणि एक सोनेरी रेषा पाहिली. गुंटूरला फ्रान्सचे जानसेन होते. नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर होते असं आपल्याकडे बरेचदा सांगितलं जातं, पण ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवायच, ती पिवळी रेषा तपासली. हे मूलद्रव्य फक्त सूर्यावर असावं असं वाटून त्याला ‘हेलियम’ म्हटलं गेलं.

१८९५ मध्ये रॅम्सींनी युरेनियमचं एक खनिज आम्लात टाकून त्यातून निघणारा वायू तपासला. ते आर्गन शोधत होते, पण समोर आली तीच पिवळी रेषा! सूर्यावरचा हेलियम पृथ्वीवर सापडला होता.

१८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्स या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी द्रवरूप हवा हळूहळू उकळवली आणि काही आठवड्यांतच क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. आपल्या त्या खोलीत झेनॉन केवळ अडीच मिलीलिटर असतो, म्हणजे चहाचा अर्धा चमचा! या वायूंसाठी आवर्तसारणीत एक नवा रकानाच जोडावा लागला. १९०४ मध्ये रॅम्सींना रसायनशास्त्राचं आणि रॅलींना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

टाटांसाठी भारतात

जमशेटजी टाटांना भारतात मोठी विज्ञानसंस्था उभी करायची होती. त्या योजनेच्या पाहणीसाठी १९०० च्या हिवाळ्यात रॅम्सी भारतात आले. संस्थेसाठी त्यांनी बंगळूरची शिफारस केली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक होते तेच ट्रॅव्हर्स. आज आपण तिला भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखतो.

रॅम्सी चुकलेही. रेडियमपासून निघणाऱ्या वायूने तांब्याचं लिथियम होतं, असा दावा त्यांनी १९०७ मध्ये केला. मारी क्युरींनी काचेऐवजी प्लॅटिनमचं भांडं वापरून तोच प्रयोग केला, तेव्हा लिथियम सापडलंच नाही. आपल्या प्रयोगातली अशुद्धता या वेळी त्यांच्या नजरेतून सुटली होती.

२३ जुलै १९१६ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

अर्ध्या टक्क्याचा फरक मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला असता, तर हवेतला जवळपास एक टक्का वायू आणखी किती वर्षं लपून राहिला असता, कोण जाणे. पुढच्या वेळी वेल्डिंगच्या दुकानात आर्गनचा सिलिंडर दिसला, तर रॅम्सी आणि रॅलींची आठवण नक्की काढा.