केशवसुतांची मॅट्रिकपूर्व वर्षे

कृष्णाजी केशव दामले तथा केशवसुत (1866-1905) यांच्या चरित्रातील 1884 ते 1889 हा कालखंड सहसा परीक्षेतील अपयशाच्या ओझरत्या उल्लेखाने आटोपला जातो. त्यांच्या कवित्वाच्या दृष्टीने मात्र तो निर्णायक आहे.

मालगुंड येथे प्राथमिक शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या केशवसुतांचे शिक्षण प्रारंभापासूनच खंडित होते. खेडनंतर इंग्रजी शिक्षणासाठी बडोदे, वर्धा, नागपूर असे त्यांचे स्थलांतर होत राहिले. नागपुरात त्यांना ना. वा. टिळकांचा सहवास लाभला. 1884 मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांनी अठराव्या वर्षात पदार्पण केले होते आणि त्यांचा विवाहही झालेला होता.

त्या काळी मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाचीच प्रवेशपरीक्षा होती. त्यामुळे शालेय शिक्षणाची समाप्ती आणि उच्च शिक्षणाचा आरंभ यांचे दार एकच होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1885 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू केले. परंतु त्याच संस्थेच्या शाळेतील या विद्यार्थ्याला ते दार दोनदा बंद झाले. 1889 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते उत्तीर्ण झाले. महाविद्यालयीन शिक्षण मात्र घडले नाही.

याच वर्षांत त्यांचे काव्यलेखन सुरू झाले. 1885 मध्ये त्यांनी रघुवंशातील काही भागाचा अनुवाद केला. संस्कृत वृत्तांची ही साधना, इंग्रजी काव्याचे वाचन आणि आगरकरांच्या सुधारणावादाने ढवळून निघालेले पुणे या तिहींचा संस्कार त्यांच्यावर झाला. 1888 मध्ये 'सुधारक' सुरू झाला, तेव्हा ते विद्यार्थीच होते. 1893 च्या 'तुतारी'मागील विचारांची पूर्वपीठिका येथे आढळते.

तथापि, अपयशाचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. धाकटे बंधू मोरो केशव पदवीधर होऊन प्राध्यापक व वैयाकरण म्हणून मान्यता पावले. केशवसुतांना मात्र मुंबई, खानदेश, धारवाड असा अल्प वेतनाच्या नोकऱ्यांचा प्रवास करावा लागला आणि 1905 मध्ये हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला. या वर्षांनी मराठीला आधुनिक कवी दिला. त्याची किंमत मात्र त्या कवीला आयुष्यभर मोजावी लागली.